टोपीचा टॉवेल: कुशीतल्या मुलाला एक, उभ्या मुलाला दुसरा

घरात दोन मुलं. थोरली पाच वर्षांची, नुकतीच पोहायला शिकू लागलेली. धाकटा नऊ महिन्यांचा, रोज टबात आंघोळ करणारा. दोघांसाठी टोपीचे तीन एकसारखे टॉवेल भेट आले होते: ७५ बाय ७५ सेंटिमीटरचा चौकोन, एका कोपऱ्याला शिवलेली टोपी, टोपीवर भरतकामातलं अस्वलाचं तोंड आणि दोन उभे कान. कापडाची बाहेरची बाजू मखमली, हाताला फार सुखद.

तक्रारी तीन होत्या. थोरली पाण्याबाहेर आली की दात वाजवत उभी राहते आणि कपडे बदलून होईपर्यंत रडून गोंधळ घालते. धाकट्याचं अंग कोरडं होतं, पण डोकं ओलसरच राहतं. आणि तिन्ही टॉवेलांना कुबट वास येऊ लागलाय. घरात यावर एकच उपाय ठरला होता: आणखी मोठा, आणखी जाड टॉवेल आणायचा. टर्किश कापडाशी माझा कामानिमित्त रोजचा संबंध, म्हणून मला विचारलं गेलं ते फक्त ‘किती जीएसएमचा घेऊ?’ एवढंच. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा सांगून मोकळं होता आलं असतं. पण तीन तक्रारींची कारणं तीन निघाली, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या तक्रारीचा जाडीशी काडीचाही संबंध नव्हता.

तलावाच्या काठावर

थोरली पाण्याबाहेर आल्यावर नेमकं काय होतं ते मी बाजूला उभं राहून पाहिलं. आईनं टोपी डोक्यावर चढवली, टॉवेल पाठीवरून खाली सोडला. मुलीनं दोन्ही कडा दोन मुठींत धरून हनुवटीखाली घट्ट आवळल्या. झालं, तिचे दोन्ही हात अडकले. छातीपासून पोटापर्यंत मधली पट्टी उघडीच, कारण कडा एकमेकींना भिडतच नव्हत्या. आत ओला पोहण्याचा पोशाख तसाच अंगाला चिकटलेला. तो काढायचा तर मुठी सोडायला हव्यात, आणि मुठी सोडल्या की टॉवेल घसरतो. ‘आई, थंडी वाजतेय गं!’ ‘अगं मग हात सोड ना, काढू दे!’ हे असं चाललेलं, आणि तेवढ्या वेळात अंगावरून वारं जात होतं. मुलीला सगळे हट्टी म्हणत होते. मला ती शहाणी वाटली. हातात आहे तेवढं पांघरूण कोण सोडेल?

या आकाराची भूमिती एकदा नीट बघण्यासारखी आहे. चौकोनाचा कोपरा डोक्यावर ठेवला की तिथून कापड दोन्हीकडे काटकोनात फाकतं. म्हणजे टोकापासून आपण जितकं खाली येऊ त्याच्या दुप्पट रुंदी मिळते. पाच वर्षांच्या मुलीचे खांदे टोपीच्या टोकापासून साधारण २५ सेंटिमीटर खाली येतात. तिथे कापडाची रुंदी झाली ५० सेंटिमीटर. दंडांसकट खांद्यांचा घेर यापेक्षा बराच जास्त असतो, मग कडा पुढे भिडणार कशा? कमरेशी कापड भरपूर, मीटरभराहून थोडं जास्तच, आणि गुडघ्यांकडे पुन्हा निमुळतं.

आता हाच चौकोन १०० बाय १०० चा घेतला तर? खांद्याशी रुंदी ५०च राहते, कारण कोपऱ्याचा कोन बदललेला नाही. वाढतं ते खालचं कापड, आणि ते ओल्या फरशीवर लोळून पायात येतं. ‘मोठा घेऊ’ हा उपाय इथेच निकालात निघाला.

धाकट्याला मात्र हाच आकार चपखल बसतो. तो उभा राहतच नाही. आडव्या बाळाच्या डोक्याशी कोपरा येतो, मोठ्या माणसाचे हात खालचा कोपरा पायांवरून वर घेतात, बाजूचे दोन छातीवर दुमडतात, आणि चारी बाजूंनी बंद गाठोडं तयार होतं. कोपऱ्यातली टोपी ही कुशीतल्या बाळाची सोय आहे. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून कपडे बदलू लागलं की ती सोय संपली, मग कापड कितीही भारी असो. पाकिटावर ‘० ते ६ वर्षे’ छापलेलं असतं ते मी कधीच मनावर घेत नाही. पाळण्यातल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला एकच टॉवेल, हे विकणाऱ्याच्या सोयीचं आहे.

थंडी खरी की नाटक

बाबाचं म्हणणं होतं, ‘मीही तेवढाच ओला असतो, मला नाही वाजत एवढी.’ त्याचं खरं होतं, आणि मुलीचंही. अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. शरीराचं एक किलो वजन एक अंश सेल्सिअसनं गार व्हायला साधारण ३.५ किलोज्यूल जावे लागतात. साडेसतरा किलोच्या मुलीसाठी हा हिशोब २५ ग्रॅम पाण्यापाशी येतो. साडेआठ किलोच्या बाळासाठी १२ ग्रॅमपाशी, म्हणजे जेमतेम अडीच चमचे. सत्तर किलोच्या बाबाला मात्र तेवढंच गार व्हायला १०० ग्रॅम पाणी उडावं लागेल. अर्थात हे गणित कागदावरचं. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते, शरीरही ती सतत तयार करत असतं, त्यामुळे कुणी सरळ एका अंशानं खाली जात नाही. शिवाय वजनाच्या मानानं मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट असतं. एकाच काठावर एकाच वाऱ्यात उभे असले तरी दोघांची थंडी सारखी नसते.

यातून टॉवेलचं काम स्पष्ट होतं. पाणी उडून जायच्या आत ते टिपून घ्यायचं, वारा अडवायचा, आणि ओला पोशाख लवकरात लवकर अंगावरून उतरवता येईल असा आडोसा द्यायचा. यातलं तिसरं काम सगळ्यात दुर्लक्षित. ओला पोशाख अंगावर असेपर्यंत त्यातलं पाणी उडतच राहतं. वरून दुलई पांघरली तरी आतली ओल जात नाही.

डोक्याबद्दल एक समज सगळीकडे ऐकू येतो, की शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते चूक आहे. डोक्यातून साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणातच उष्णता जाते. पण बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं खरंच मोठं असतं. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर वापरतात त्या लुंड-ब्राउडर तक्त्यात डोक्याचा वाटा एक वर्षाच्या मुलाला १७ टक्के, पाच वर्षांच्या मुलाला १३ टक्के आणि मोठ्या माणसाला ७ टक्के धरला आहे. त्यात केसांत पाणी साठून राहतं. म्हणून बाळाला टोपी हवीच, आणि ती कामाची हवी.

टोपी उलटी करून बघा

इथे दुसऱ्या तक्रारीचं उत्तर होतं. अस्वलाची टोपी मी आतून बाहेर उलटली. भरतकामाच्या मागे कडक अस्तर चिकटवलेलं, त्यावर दोऱ्यांच्या गाठी, आणि कानांच्या जागी चार पदरांची जाड शिवण. जिथे बाळाचे ओले केस टेकतात नेमकं तिथेच पाणी न शोषणारं कापड. गाठींवरून बोट फिरवलं तर खरखर लागत होती. बाळाच्या टाळूला ती लागत नसेल असं कसं म्हणावं? टॉवेलच्या बाकी अंगाच्या शिवणीत दोष नव्हता. सगळ्यात जास्त पाणी ज्या भागाला टिपायचं असतं त्या भागाची सजावटीपायी वाट लागली होती. दुकानात टॉवेलचा पदर चोळून मऊपणा बघतात सगळे, टोपीत हात फार थोडे घालतात.

मखमली बाजूचंही सांगायला हवं. टर्किश कापड पाणी शोषतं ते त्याच्या लूपमुळे, म्हणजे पृष्ठभागावर उभ्या असलेल्या धाग्यांच्या छोट्या फेऱ्यांमुळे. मखमली टॉवेलात एका बाजूच्या या लूप कातरून सपाट केलेल्या असतात. दिसायला देखणं, छपाई सुरेख उठते, पण ती बाजू लूपच्या बाजूइतकं पाणी घेत नाही. मखमल बाहेर आणि लूप आत, अशी रचना असेल तर काहीच बिघडत नाही. या टॉवेलांचं अंग तसंच होतं. फक्त थोरलीच्या आईला मखमल छान लागते म्हणून ती टॉवेल उलटा धरून अंग पुसत होती.

पाण्याचा थेंब टाकून बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. लूपवर ठेवलेला थेंब लगेच आत गेला पाहिजे. तो मण्यासारखा वर बसून राहिला तर कापडावर कसला तरी थर आहे. नव्या टॉवेलवर कारखान्यातला मऊपणाचा थर असतो, तो दोन-तीन धुण्यांत निघतो. म्हणून नवा टॉवेल पाकिटातून काढून थेट बाळाला गुंडाळू नये. या घरातल्या टॉवेलांवर थेंब तसाच बसून राहिला, आणि ते काही नवे नव्हते. विचारल्यावर कळलं की टॉवेल कडक होतात म्हणून प्रत्येक धुण्यात फॅब्रिक सॉफ्टनर जात होता. सॉफ्टनर धाग्यांवर बुळबुळीत थर चढवतो. टॉवेल मऊ लागतो आणि पाणी घेईनासा होतो. ते बंद केलं, साबणाची पावडर कमी केली, टॉवेल साध्या पाण्यात आणखी एकदा खळबळून काढायला सांगितले. कडकपणासाठी वाळत घालण्याआधी टॉवेल जोरात झटकायचा, लूप पुन्हा उभ्या राहतात.

धाग्याच्या प्रकारावर मी फार वेळ घालवला नाही. दोन्ही मुलांसाठी सुती टर्किश पुरेसं आहे. ‘बांबू’चा टॉवेल मऊ असतो, पण तो बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला व्हिस्कोस नावाचा धागा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा कापडाला नुसतं ‘बांबू’ म्हणण्यावर आणि ते जंतूंना रोखतं अशा दाव्यांवर उत्पादकांना हटकलेलं आहे. मऊपणासाठी घ्यायचा तर घ्यावा, जंतूंसाठी नको. मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचा टॉवेल, पटकन वाळतो आणि पिशवीत कमी जागा घेतो, पण ओल्या अंगाला चिकटतो, आणि थोरलीला तो स्पर्श अजिबात आवडला नाही. विषय संपला. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं लेबल असेल तर चांगलंच. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी सगळ्यात कडक वर्ग आहे. मात्र ते लेबल हानिकारक रसायनांबद्दल बोलतं. पाणी किती शोषलं जाईल याची हमी त्यात नाही.

जाडीचा प्रश्न, एकदाचा

आता मूळ प्रश्न, किती जीएसएम. ७० बाय १३० सेंटिमीटरचा टॉवेल ४०० जीएसएमचा असेल तर कोरडा ३६४ ग्रॅम भरतो, ६०० चा असेल तर ५४६. ओला झाला की दोन्ही बरेच जड होतात आणि पाच वर्षांच्या मुलीच्या खांद्यावरून घसरतात. जड टॉवेल आधी घसरतो. त्याहून महत्त्वाचं, जाड टॉवेल वाळायला वेळ लागतो. तिसऱ्या तक्रारीचं मूळ तिथे होतं. ओलसर राहिलेल्या कापडावर जिवाणू वाढतात. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासाशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा संबंध संशोधकांनी दाखवलेला आहे. ६०० चा टॉवेल आणला असता तर वास वाढला असता. मी ४०० च्या आसपासचा सांगितला, बाळासाठी थोडा कमी असला तरी चालेल.

निवड

धाकट्यासाठी नवं काही घ्यायचं नाही असं ठरलं. तिन्हींपैकी दोन टॉवेल त्याच्याकडे गेले. शिंप्याकडून टोपीच्या आतून लूपच्या कापडाचा एक तुकडा बसवून घेतला, भरतकामाची मागची बाजू झाकली गेली. आंघोळीआधी टॉवेल पसरून ठेवायचा, बाळ त्यावर ठेवल्याबरोबर आधी टोपी, मग बाकी. चोळायचं नाही, टिपायचं. मानेच्या घड्या, कानांमागे, काखा, पायाच्या बोटांमधल्या फटी विसरायच्या नाहीत. त्वचा कोरडी पडणारी असेल तर टिपून झाल्यावर काही मिनिटांतच मलम लावावं, ओल पूर्ण उडून जाण्याआधी.

दोन गोष्टी आईला मी जरा जोर देऊनच सांगितल्या. टॉवेलच्या कडेला सुटलेला दोरा किंवा ओढली गेलेली लांब लूप दिसली तर ती कात्रीनं कापायची. असा दोरा किंवा गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. दुसरं, आंघोळीनंतर बाळ टॉवेलातच पेंगलं तरी त्याला तसंच झोपवायचं नाही. सैल कापड तोंडावर येऊ शकतं, आणि अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही घरात झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपी नको असाच आहे. टोपीचं काम डोकं टिपण्यापुरतं. केस कोरडे झाले की ती उतरवायची.

थोरलीसाठी तीन आकार समोर होते. बाह्यांचा झगा लगेच बाद झाला, ओले हात बाह्यांत जात नाहीत. शिवाय त्याला पट्टा असतो. युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी ईएन १४६८२ हे मानक आहे, त्यात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला किंवा गळ्यापाशी ओढायची नाडी चालत नाही. तलावाकाठी शिड्या आणि कठडे असतात, नाडी कुठेही अडकते. टॉवेलला कपडा म्हणा न म्हणा, ही कसोटी मी लावतोच.

दुसरा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा, दोन्ही बाजू उघड्या. कागदावर हा सगळ्यात उत्तम: हात मोकळे, आतल्या आत पोशाख काढता येतो. घेताना गळा मात्र मोजून घ्यावा. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, वर केसही ओले. गळ्याचा घेर ५६-५८ तरी हवा. सुती टर्किश पहिल्या काही धुण्यांत आक्रसतं हेही धरायचं. शेजारच्या मुलाचा पोंचो थोरलीला घालून पाहिला. गळा पुरेसा होता, तरीही ओलं कापड तोंडावरून खाली जातं तो क्षण तिला सहन होईना. डोळ्यांसमोर अंधार झाला की ती किंचाळते. अशा मुलाला पोंचो घालायचा अट्टहास कशाला?

तिसरा आकार घेतला. ७० बाय १३० चा साधा आयत, टोपी कोपऱ्याऐवजी लांब बाजूच्या मधोमध शिवलेली. खांद्याशी पूर्ण १३० सेंटिमीटर कापड मिळतं, दोन्ही पदर पुढे एकमेकांवर चढतात. छातीशी दोन टिचबटणं बसवून घेतली, घट्ट ठोकलेली. बटण लागलं की हात आतून मोकळे. खालची कड पोटरीपर्यंत येते, फरशीला लागत नाही. टोपी कपाळापाशी थांबते की डोळ्यांवर येते हे मुलीला चालायला लावून तपासलं. ओल्या काठावर न दिसता चालणं परवडत नाही.

मग नवीनच अडचण. टॉवेल साधा निळा, आणि मुलीला अस्वल हवं. तिसऱ्या जुन्या टॉवेलचे कान उसवून नव्या टोपीला बाहेरच्या बाजूनं शिवले, आत काही नाही. तेव्हा कुठे तिनं तो अंगावर घेतला.

आता क्रम असा: पाण्याबाहेर येताच कोमट पाण्याचा झटपट शॉवर, क्लोरीन निघून जातं. केस मुठीत धरून पिळायचे, हे काम फुकट होतं आणि टॉवेलचा भार हलका करतं. मग टोपी, बटणं, आणि टॉवेलच्या आत मुलगी स्वतःच पोशाखाचे पट्टे खांद्यावरून उतरवते. आई फक्त खालून ओढून घेते. रडणं थांबलं. दात अजून वाजतात, कारण गार पाण्यातून आलेलं मूल थोडं तरी थरथरणारच. पण कोरडे कपडे अंगावर चढेपर्यंतचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला आहे.

वासाचं काम अर्धवटच सुटलं आहे. घरच्या टॉवेलांना आता वास येत नाही, थोरलीच्या टॉवेलला मधूनमधून येतो. ओला टॉवेल आणि ओला पोशाख एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून घरी येतात, आणि पिशवी कधीकधी रात्रीपर्यंत दारापाशीच पडून राहते. जाळीची पिशवी सुचवली आहे. बाबा म्हणतो, त्यातून गाडीची सीट ओली होते.